जुन्या शिडाच्या बोटीचं जाम इंजिन: घरच्या घरी खोलता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीस फुटी जुनी शिडाची बोट घेतली. आत यानमारचं २ जीएम २० डिझेल इंजिन आहे, समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं. दोन पावसाळे बोट यार्डात घोडीवर उभी होती, आता इंजिन फिरतच नाही. मोटरसायकलचं किरकोळ काम स्वतः करायची सवय आहे. हे इंजिन स्वतः खोलता येईल का, कुठली हत्यारं घ्यावीत आणि इजा होऊ नये म्हणून काय सांभाळावं?

खोलता येईल. मी कोकणात आणि गोव्यात लहान सागरी डिझेल इंजिनांचं काम करतो, आणि नवशिक्याने शिकायला याहून चांगलं इंजिन मला सुचत नाही. दोन सिलिंडर, ७५ मिमी बोअर, ७२ मिमी स्ट्रोक, ६३६ सीसी, ३६०० आरपीएमला जास्तीत जास्त १८ अश्वशक्ती. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सरची जाळी नाही. याची वर्कशॉप मॅन्युअल मिळते. काम सुरू करण्याआधी ती छापून घ्या, कारण हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) नटांचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, आणि कसण्याचा क्रम तिच्यातूनच घ्यायचा आहे. माझ्याकडून किंवा शेजारच्या बोटवाल्याकडून नाही.

इंजिन सोपं आहे, जागा अवघड आहे. शिडाच्या बोटीत इंजिन केबिनच्या पायऱ्यांखाली कोंबलेलं असतं. एका बाजूला हात जातो तर नजर जात नाही, नजर जाते तिथे पाना फिरत नाही. खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट जागेत, तेलकट पाणी आणि वर डोकं आपटायला लाकडी कड. तुम्ही पोटावर पडून, एका हाताने स्वतःला सावरत, दुसऱ्या हाताने गंजलेला नट सोडवत असता. अशा जागी मी पाहिलेल्या बहुतेक जखमा एकाच कारणाने झाल्या: कुठेतरी साठलेली ताकद एकदम मोकळी झाली. कधी ती हातातल्या पान्याची होती, कधी बॅटरीतली, कधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपातल्या दाबाची, कधी फिरत्या पट्ट्याची. काम करताना दर वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हे अचानक सुटलं तर माझा हात, माझा चेहरा कुठे जाईल?

पहिल्या दिवशी इंजिनाला हात लावू नका, जागा तयार करा. बोट घोडीवर असेल तर शिडी वरच्या टोकाला दोरीने बांधा. हे सगळ्यांना क्षुल्लक वाटतं, पण डेक जमिनीपासून आठ-दहा फूट वर असतं आणि माणूस हातात जड गोटी-सेट घेऊन उतरत असतो. घोडीचे आधार आणि त्यांच्या साखळ्या यार्डातल्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतः एकही आधार हलवू नका.

मग वास घ्या. बोटीत स्वयंपाकाचा गॅस असेल तर सिलिंडर उतरवून जमिनीवर न्या. आउटबोर्डसाठी पेट्रोलचा कॅन ठेवला असेल तर तोही. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे ती खिडकीतून निघून जात नाहीत. खाली बिल्जमध्ये साचून राहतात, आणि तुम्ही ठिणगी पाडणार आहात ती नेमकी तिथेच. सगळी झाकणं उघडा, बिल्ज पुसून कोरडं करा, पंखा लावून हवा खेळती करा. तुमचं इंजिन डिझेलचं आहे हे तुमचं नशीब. अमेरिकेत असलेल्या आपल्या काही मंडळींच्या जुन्या बोटींत युनिव्हर्सलचं अ‍ॅटॉमिक फोर हे पेट्रोल इंजिन अजून आहे. तिकडे अशा बोटींवर इशाऱ्याची पाटीच असते: सेल्फ मारण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवा आणि बिल्जमध्ये पेट्रोलची वाफ नाही ना ते बघा. ती पाटी उगाच लावलेली नाही.

आता वीज. आधी बॅटरी सोडवा, आणि निगेटिव्ह आधी. कारण सरळ आहे: इंजिनाचा सगळा लोखंडी देह निगेटिव्हला जोडलेला असतो. तुम्ही आधी पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं, की थेट शॉर्ट. त्यातून शेकडो अँपियर वाहतात. पाना लाल होतो, चिकटतो, आणि बॅटरीतून निघालेला हायड्रोजन जवळपास असेल तर बॅटरी फुटते. निगेटिव्ह एकदा सुटली की मग पॉझिटिव्हवरचा पाना इंजिनाला टेकला तरी काही होत नाही; बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना मात्र तो एकदम टेकू देऊ नका. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून डब्यात ठेवा. गोव्यातल्या एका यार्डात एका मालकाच्या धातूच्या घड्याळाचा पट्टा सेल्फच्या मोटरचं टर्मिनल आणि ब्लॉक यांच्यामध्ये अडकलेला मी पाहिला. एखाद-दोन सेकंदांचा खेळ, पण मनगटाभोवती पट्ट्याच्या प्रत्येक कडीचा डाग उमटला.

यार्डातल्या २३० व्होल्टबद्दल मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे एक्स्टेंशन वायरीचं टोक सोलून, सॉकेटमध्ये काड्या खोचून अडकवायची रीत अजून गेलेली नाही. खाली चिखल, वर ओलं डेक आणि हातात लोखंडी अंगाचा जुना ग्राइंडर. असं काम करू नका. तीन पिनांचा धड प्लग, अर्थिंग असलेली अखंड वायर, आणि तीस मिलीअँपियरला ट्रिप होणारा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड नसेल तर बॅटरीवरचं ड्रिल वापरा. बोटीच्या आत उजेडासाठी २३० व्होल्टचा बल्ब लोंबकळत ठेवू नका. डोक्याला लावायचा एलईडी दिवा स्वस्त मिळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

हत्यारांकडे येऊ. पैसे थोडे असतील तर थोडीच हत्यारं घ्या, पण चांगली घ्या. १० ते १९ मिमीचे रिंग पाने आणि तेवढ्याच मापांच्या गोट्या एवढ्यावर या इंजिनाचं बरंचसं काम होतं. गोट्या सहा कोनी घ्या, बारा कोनी नाही. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांजवळ धरते. नवा नट असेल तर चालतं, पण गंजून कोपरे झिजलेल्या नटावर ती घसरते आणि नट गोल करून टाकते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजू धरते. फिक्स पाना फक्त तिथेच, जिथे रिंग जातच नाही, म्हणजे पाइपांच्या नटांवर. स्क्रू पाना या कामात पेटीतच राहू द्या.

एक गोष्ट इथे फार लोकांना माहीत नसते. जपानी इंजिनांवरचे चौफुली खाचेचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात. आपण वापरतो तो फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळापर्यंत जात नाही. जोर दिला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. स्क्रू चांगला होता, हत्यार चुकीचं होतं. जेआयएस टोकांचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर मागवा. आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, म्हणजे ठोका बसताच टोक दाबलंही जातं आणि किंचित फिरतंही. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन मात्र जुन्या इंजिनावर नको, असं माझं ठाम मत आहे. गाडीचं चाक काढायला ती उत्तम. गंजलेल्या स्टडवर ती चालवली की स्टड सुटतोय की पिळवटतोय हे हाताला कळायच्या आत तो तुटलेला असतो.

पाना नेहमी स्वतःकडे ओढा. ढकलावाच लागला तर मूठ आवळू नका. तळहात उघडा ठेवून ढकला, म्हणजे पाना सटकला तर बोटांची पेरं अल्टरनेटरच्या पंख्यावर आपटणार नाहीत. जोर लावण्याआधी पाना सुटल्यावर हात जिथे जाईल ती जागा बघून घ्या. धारदार क्लिप किंवा पत्रा असेल तर त्यावर जाड गोणपाट टाका. रॅचेटच्या दांड्यात पाइप घालून लांबी वाढवू नका, आतले दाते तुटतात आणि तुम्ही मागे कोसळता. जास्त जोर हवा तर लांब टॉमी (रॅचेट नसलेला गोटीचा दांडा) वापरा. टॉर्क पाना फक्त कसायला, सोडवायला कधीच नाही. काम झालं की त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

डोळ्यांना चष्मा नव्हे, बाजूने बंद असलेला गॉगल. इंजिनाखाली पडून काम करताना गंजाच्या खपल्या सरळ डोळ्यांत पडतात. कामाला बसताना खांद्यावरचा पंचा, लोंबणारी बाही, गळ्यातला मफलर काढून ठेवा. तेलकट कामाला नायट्राइलचे पातळ हातमोजे चांगले, कारण वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार त्वचेला लागणं घातक आहे. पण कापडी हातमोजे घालून ड्रिलजवळ किंवा चालत्या इंजिनाजवळ जाऊ नका; धागा अडकला की हात आत जातो.

आता जाम झालेले नट. इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आणि तो जाऊ द्यायचा. खाऱ्या पाण्याच्या इंजिनात लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसलेला असला की दोन धातूंमध्ये खार आणि ओल शिरून पांढरी भुकटी तयार होते, आणि ती आट्यांमध्ये जागा अडवून बसते. तिला ताकदीने हरवता येत नाही. तारेच्या ब्रशने बाहेर दिसणारे आटे साफ करा. गंज सोडवायचं तेल टाका, आणि संध्याकाळी पुन्हा टाका, उद्या पुन्हा टाका. मध्ये मध्ये बोल्टच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून हातोडीचे नेमके, हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने तेल आट्यांत उतरतं. चार दिवसांनी पाना लावा आणि आधी किंचित कसायच्या दिशेने फिरवा, मग सोडवायच्या. बारीक टक् असा आवाज येऊन हलला तर उत्तम. पाव फेरा सोडवा, त्यातला अर्धा परत आवळा, तेल, पुन्हा पाव फेरा. पण पाना फिरतोय आणि नट कुरकुरत नाही, उलट मऊसर, लवचिक लागतोय, तर तिथेच हात काढा. तो सुटत नाहीये, स्टड पिळवटतोय. आणखी अर्ध्या फेऱ्यात तुटेल.

उष्णतेने काम होतं, पण बोटीच्या आत ज्योत नको. बोट फायबरची आहे, रेझिन पेट घेतं आणि त्याचा धूर घशाला लागतो; शिवाय तुम्हीच गेले चार दिवस तिथे ज्वलनशील तेल ओतत आहात. शक्य असेल तो भाग आख्खा काढून बाहेर जमिनीवर आणा आणि तिथे तापवा. एक्झॉस्टचा एल्बो (धूर आणि पाणी एकत्र होतात तो वाकडा पाइप) मॅनिफोल्डपासून सुटत नसेल तर दोन्ही एकत्र काढा. मॅनिफोल्डचे नट बहुधा जास्त सोपे असतात. आतच तापवणं भाग असेल तर ज्योतीऐवजी हीट गन, शेजारी ओलं गोणपाट, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथे कोणीतरी बसून. अग्निशामक ड्राय पावडरचा ठेवा, आणि तो इंजिनाजवळ नव्हे तर बाहेर पडायच्या दारापाशी. आगीपलीकडे ठेवलेल्या सिलिंडरपर्यंत हात पोचत नाही. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक बंद केबिनमध्ये तुमचाच श्वास कोंडतो.

स्टड तुटलाच तर घाबरू नका आणि लगेच ईझी-आउट (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) घुसवू नका. तो पोलाद फार कडक असतो. आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही आणि पाच मिनिटांचं काम पाच दिवसांचं होतं. तुटका स्टड थोडा वर असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करणं हा सगळ्यात चांगला उपाय. वेल्डिंगची उष्णताच गंज फोडते. पण हे काम भाग बाहेर काढून वेल्डरकडून करून घ्या. बोटीतच करावं लागलं तर बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवलेल्या हव्यात आणि डिझेलची टाकी दूर हवी. स्टड आतच तुटला असेल तर सेंटर पंचने अगदी मधोमध खूण करा, बारीक ड्रिलपासून सुरुवात करा. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतं. त्याने इंजिन कमजोर होत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, इंजिन फिरत नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं: एक्झॉस्टमधून आलेली ओल उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरली आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटल्या. पण आधी खात्री करा की जाम झालंय ते इंजिनच. गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हेडवरचे डीकॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधला दाब सोडून देणारे) दोन्ही लिव्हर उचला, सेल्फची मोटर काढून बाजूला ठेवा. कधी कधी तिचाच दाता फ्लायव्हीलमध्ये अडकलेला असतो आणि माणूस उगाच हेड खोलतो. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला गोटी लावून, पुढून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बघा. हे इंजिन त्याच दिशेने फिरतं, आणि त्या दिशेला पुलीचा बोल्ट सुटत नाही.

हलत नसेल तर दोन्ही नोझल काढा. त्या छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल समभाग मिसळून ओता. या इंजिनात नोझल थेट सिलिंडरमध्ये उघडत नाही, वर छोटा प्री-चेंबर असतो, त्यामुळे द्रव सावकाश उतरतो. थोडं थोडं ओता. मग थांबा. रोज एकदा, एका हाताने, फूटभर दांड्याने, पुढे-मागे डुलवून बघा. दोन हात आणि पाय टेकवून जोर लावायचा मोह होईल. तो लावला तर रिंग तुटेल किंवा कनेक्टिंग रॉड वाकेल. आणि सेल्फ मारून सोडवायचा प्रयत्न तर अजिबात नको. कधी तीन दिवसांत दोन अंश हलतं, कधी तीन आठवडे लागतात. एकदा दोन अंश हललं की ते पुढे सुटतं, हा माझा अनुभव आहे. महिनाभरातही नाही हललं तर हेड काढावं लागेल, आणि तेव्हा कोणा अनुभवी माणसाला शेजारी बसवा.

पूर्ण फेरा फिरू लागलं की सेल्फ परत बसवून नोझलशिवायच काही सेकंद फिरवा, म्हणजे आतला द्रव बाहेर पडेल. तो बाहेर पडतो तो फवारा होऊन, छतापर्यंत. छिद्रांवर सैल कापड टाका, तोंड तिथे नेऊ नका, आणि त्या वेळी आजूबाजूला काहीही पेटतं नको.

नोझल घरी तपासायची नाहीत. आपल्याकडे महामार्गालगतच्या कुठल्याही मोठ्या गावात पंप-नोझल टेस्टिंगचं दुकान असतं. ट्रॅक्टर आणि ट्रकचं काम करणारे ते लोक हे नोझल सहज बघतात. त्यांना सांगा, १७० किलोला उघडलं पाहिजे. हा आकडा नीट मनात ठेवा. कारच्या टायरमध्ये सव्वादोन किलोच्या आसपास हवा असते; इथे चौरस सेंटिमीटरला १७० किलोचा दाब आहे. त्या फवाऱ्यासमोर बोट धरलं तर डिझेल त्वचा भेदून आत जातं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस घरी जातो. आत मात्र पेशी मरत जातात आणि बोट, कधी हात काढावा लागतो. असं झालं तर मलम लावून वाट बघू नका. त्याच तासात सर्जन असलेल्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की जास्त दाबाने डिझेल टोचलं गेलंय. पाइपातून गळती शोधायची असेल तर बोट नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

डिझेलची टाकी रिकामी करा. दोन पावसाळ्यांत तळाशी पाणी साचलेलं असणार आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळी चिकट बुरशी. नवं डिझेल, नवे फिल्टर, मग हवा काढा: आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हाताच्या लिव्हरने पंप मारा, बुडबुडे थांबले की कसा, मग पंपावरचा, शेवटी नोझलकडच्या पाइपांचे नट फेराभर ढिले करून सेल्फ मारा. इथेही गॉगल, इथेही हात दूर.

या हवा काढण्याच्या कामातच जुन्या बोटींची पुष्कळ इंजिनं मरतात, आणि ती मरतात पाण्याने. समजून घ्या कसं ते. सेल्फ फिरतोय तेव्हा समुद्राच्या पाण्याचा पंपही फिरतोय. तो पाणी एक्झॉस्टच्या एल्बोत सोडतो आणि ते खाली मफलरमध्ये जमतं. इंजिन चालू असतं तेव्हा एक्झॉस्टचा वायू ते पाणी बाहेर फेकतो. इंजिन चालूच झालं नाही तर वायू नाही, पाणी मात्र येतच राहतं. दहा-बारा वेळा सेल्फ मारलात की मफलर भरतो, पाणी वर चढतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या सेल्फला रॉड वाकतो. किंवा काही होत नाही, तुम्ही कंटाळून घरी जाता, आणि पुढच्या रविवारी इंजिन पुन्हा जाम. म्हणून इंजिन पकडेपर्यंत समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि पकडलं की त्याच क्षणी उघडा. विसरू नये म्हणून मी किल्लीला एक चिठ्ठी बांधतो: पाणी बंद आहे. फार वेळा सेल्फ मारावा लागला तर मफलरचा तळाचा प्लग काढून पाणी सोडून द्या. घोडीवर उभ्या बोटीत पाण्याचा होज बादलीत टाका. नळाला थेट जोडू नका, नळाचा दाब इंजिन बंद असतानाही पाणी आत ढकलतो.

समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) नवाच घाला. जुन्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर ते पुढे कुठल्या तरी पाण्याच्या वाटेत अडकलेलं आहे आणि ते शोधून काढलंच पाहिजे. मुंबई बंदराचं पाणी इतकं गाळाचं आहे की तिथे इंपेलर लवकर झिजतो. ब्लॉकमधला झिंक, म्हणजे ब्लॉकऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, काढून बघा. तो खाऊन संपला असेल तर खारं पाणी आता ब्लॉकलाच खात असेल. थर्मोस्टॅट बदलताना ४२ अंशांना उघडणाराच घ्या. गोड्या पाण्याच्या मॉडेलचा ७१ अंशांचा बसवला तर खाऱ्या पाण्यातले क्षार आत जमून वाटा बुजतात.

पहिल्यांदा सुरू करताना दोन माणसं हवीत. एक किल्लीपाशी, दुसरा बंद करायच्या लिव्हरपाशी. लिव्हर ओढल्यावर पंपाची दांडी खरंच हलते का हे आधी बघून घ्या, कारण डिझेल इंजिन किल्ली फिरवून थांबेलच असं नाही. इतके दिवस सिलिंडरमध्ये तेल होतं. त्याच तेलावर इंजिन स्वतःहून जोरात पळू शकतं. त्यासाठी इंजिन हवा आत ओढतं त्या तोंडावर दाबायला प्लायवूडची फळी हाताशी ठेवा. तळहात लावू नका. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून पळतं इंजिन थांबवू नका, व्हॉल्व्हचं नुकसान होतं. सुरू होत नाही म्हणून ईथरचा स्प्रे तर मुळीच मारू नका. केबिनची सगळी झाकणं उघडी हवीत. एक्झॉस्टचा सांधा कुठे गळत असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये साचतो, आणि त्याला वास नसतो. पट्ट्याचा ताण बघायचा असेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात टाकून बघा.

एक्झॉस्टचा एल्बो काढून आत बोट घालून बघा. या मालिकेच्या इंजिनांची ही दुखरी जागा. कार्बन आणि मीठ मिळून आतली वाट पेन्सिलीएवढी उरलेली मी पाहिली आहे. मालक मात्र काळा धूर आणि कमी आरपीएम यांच्यासाठी पंप बदलत बसले होते. खरवडून साफ करता येतो, पण भिंत आतून पातळ झालेली असते. हा एक भाग नवा घ्या.

चालू झालं की दहा मिनिटांनी बंद करा आणि ऑइल गरम असतानाच काढा. उकळत्या ऑइलने भाजतं, म्हणून थोडं कोमट होऊ द्या. बरणीत जमा करून गॅरेजमध्ये द्या, खाडीत नाही. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी आहे: नवं भरा, पुन्हा दहा मिनिटं चालवा, पुन्हा बदला. तिसऱ्यांदाही दुधाळ आलं तर आधी पाण्याच्या पंपाचं सील बघा. ते ठीक असेल तर हेडचं पॅकिंग किंवा ब्लॉक गेलाय, आणि हेड काढावं लागेल. ते काढण्याआधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे मला लिहा, पुढचं सांगतो.